भाडेकरूचें दुखणें आणि घरमालकाचा दावा

घरमालक आणि भाडेकरू यांचें भांडण हा आपल्या शहरांतील इतका जुना विषय आहे कीं, त्यावर नवें कांहीं सांगण्यासारखें उरलें असेल असें कोणासहि वाटणार नाहीं. भाडें थकलें, पावती मिळाली नाहीं, जिन्याखालीं मोरी बांधली, गच्चीवर वाळवण घातलें, यांवरून होणारे तंटे आपण सर्वांनीं पाहिले आहेत. आज मी त्या भांडणाच्या एका निराळ्या अंगाविषयीं बोलणार आहें. दावा असतो जागेचा. परंतु बोलतां बोलतां प्रश्न निघतो तो माणसाच्या शरीराचा. कोणाला कोणता रोग आहे, तो कधीं जडला, औषध कोणाचें चालू आहे, हें सारें भर न्यायालयांत विचारलें जातें. जी गोष्ट माणूस सख्ख्या भावाजवळहि काढीत नाहीं, ती डोक्यावरचें छप्पर राखण्यासाठीं परक्यांपुढें सांगावी लागते. ही पाळी आपल्यावर कशी आली, याचा थोडा इतिहास सांगावा असा माझा मानस आहे. मी कायदेपंडित नव्हे. शाळेंत अनेक वर्षें इतिहास शिकवून निवृत्त झालेला एक मास्तर आहें. तेव्हां जें सांगेन तें मास्तराच्या पद्धतीनें, क्रमानें सांगेन.

आरंभ १८९६ च्या सप्टेंबर महिन्यापासून करूं. मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनीं तापाचे कांहीं रोगी तपासले आणि हा ताप म्हणजे गांठीचा प्लेग होय असें निदान केलें. मांडवी ही धान्याच्या वखारींची आणि दाटीच्या भाड्याच्या खोल्यांची वस्ती. रोग उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो ही कल्पना पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनीं १८९८ सालीं मांडली, आणि ती सर्वमान्य होण्यास त्यानंतरहि कांहीं वर्षें गेलीं. १८९६ मध्यें अशी समजूत होती कीं, रोग घराच्या जमिनींत, भिंतींत आणि कोंदट हवेंत दडून राहतो. म्हणून सरकारनें शस्त्र उपसलें तें घरावर. आणि घर बहुधा दुसऱ्याच्या मालकीचें असल्यामुळें त्या शस्त्राचा घाव पडला तो भाडेकरूवर.

ऑक्टोबरच्या आरंभींच नगरपालिकेच्या आयुक्तांनीं रोग्यांस सक्तीनें रुग्णालयांत नेण्याचा हुकूम काढला. त्याचा परिणाम असा झाला कीं, महिनाअखेरीस सुमारे एक हजार गिरणी कामगार आर्थर रोडवरील रुग्णालयावर चालून गेले, आणि तो हुकूम सैल करावा लागला. पुढें ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोगांचा प्रसिद्ध कायदा झाला. त्यानें सरकारास साथीच्या काळांत जवळजवळ वाटेल ती उपाययोजना करण्याची मुभा दिली. मुंबईंत जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखालीं प्लेग समिति नेमली गेली. घरांची झडती सुरू झाली. ज्या घरांत प्लेग होई, त्याच्या भिंतीवर वर्तुळ काढून आंत तारीख लिहीत. जी जागा राहण्यास अयोग्य ठरे, तिच्यावर यू. एच. एच. हीं तीन इंग्रजी अक्षरें रंगवीत.

त्या वर्तुळांकडे थोडें लक्ष द्यावें अशी माझी विनंति आहे. कोणाच्या घरांत कोण आजारी आहे, ही गोष्ट तोंपर्यंत घरच्या माणसांची, वैद्याची आणि फार तर शेजाऱ्यांची होती. आतां ती रस्त्यानें जाणाऱ्या प्रत्येकाची झाली. दुखण्याची बातमी फुटली कीं रोगी जातो रुग्णालयांत, कुटुंब जातें छावणींत, सामान जातें जाळावयास, आणि खोलीला लागतें कुलूप, असा हिशेब गरीब भाडेकऱ्यानें मनाशीं घातला. मग त्यानें जें करावें तेंच केलें: दुखणें लपविलें. पुण्यास १३ मार्च १८९७ पासून गोऱ्या शिपायांकडून घरोघर झडत्या झाल्या, त्या मे महिन्याच्या मध्यापर्यंत चालल्या. त्या काळांत माणसांनीं तापानें फणफणलेल्या आप्तांस माळ्यावर आणि कपाटांत दडविलें. रँडसाहेबांवर २२ जून १८९७ रोजीं गणेशखिंडींत झालेल्या गोळीबाराची हकीकत आपणांस शाळेपासून ठाऊक आहे; तिची पुनरुक्ति करीत नाहीं. ९ मार्च १८९८ रोजीं मुंबईंत विणकरांच्या वस्तींत एका आजारी मुलीस तपासण्यावरून दंगल उसळली. त्यानंतर सक्ति पुष्कळ सौम्य झाली. राज्यकर्त्यांस उशिरां कां होईना, एक गोष्ट कळली. दुखणें उघड करणाऱ्यास शिक्षा होत असेल, तर दुखणें उघड होत नाहीं. तें फक्त अधिक खोल जातें, आणि रोग मात्र मोकळा फिरतो.

याच अनुभवांतून १८९८ सालीं मुंबईचा सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. रोगट वस्त्या पाडून रुंद रस्ते करणें हें त्याचें काम. रस्ते झाले, हवा आली, हें नाकारतां येणार नाहीं. परंतु पाडलेल्या घरांच्या मानानें गरिबांसाठीं नवीं घरें फार थोडीं झालीं. जागा टंचाईची आणि भाडें चढें, अशी स्थिति होऊन बसली. पहिल्या महायुद्धांत ती असह्य झाली, तेव्हां १९१८ सालीं मुंबई इलाख्यांत भाडेनियंत्रणाचा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं तसेच कायदे पुन्हां झाले आणि शेवटीं १९४७ चा सुप्रसिद्ध मुंबई भाडेकायदा झाला. पुढें महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. परंतु ज्या कलमांविषयीं मी बोलणार आहें, तीं त्यांतहि बहुतांशीं तशींच आहेत.

या कायद्यानें भाडेकऱ्यास फार मोठा आधार दिला. कायद्यांत सांगितलेलें कारण सिद्ध केल्यावांचून मालकास त्याला काढतां येत नाहीं. परंतु कारण सिद्ध करावयाचें म्हणजे पुरावा आला, आणि पुरावा आला कीं माणसाचें खासगी आयुष्य आलें. दुखणें न्यायालयांत शिरण्याच्या तीन वाटा या कायद्यांत आहेत.

पहिली वाट मालकाच्या गरजेची. मालकाला जागा स्वतःसाठीं खरोखर हवी असेल तर तो ती मागूं शकतो. आईला गुडघ्यांमुळें जिना चढवत नाहीं, पत्नीला दम्यामुळें तळमजला हवा, अशीं कारणें तो देतो. त्यावर न्यायाधीशास असेंहि पाहावें लागतें कीं, ताबा दिल्यानें भाडेकऱ्याचे हाल अधिक होतील कीं न दिल्यानें मालकाचे. मग भाडेकरू आपलें दुखणें सांगतो. एका पारड्यांत एकाचा हृदयविकार, दुसऱ्या पारड्यांत दुसऱ्याचा पक्षाघात! दुसरी वाट उपद्रवाची. भाडेकऱ्याचा शेजाऱ्यांस त्रास होतो अशी तक्रार आली, आणि त्रास देणारी व्यक्ति मनानें आजारी असली, म्हणजे त्या आजाराचा पंचनामा होतो. तिसरी वाट जागा न वापरण्याची. दाव्यापूर्वीं लागोपाठ सहा महिने वाजवी कारणावांचून जागा वापरली नाहीं, तर ती मालकास परत मिळूं शकते. आजारपण हें वाजवी कारण होऊं शकतें. परंतु तें सांगावें लागतें आणि शाबीत करावें लागतें.

या तिसऱ्या वाटेनें आमचें घर गेलेलें आहे, म्हणून तिची हकीकत मी थोडी विस्तारानें सांगतों. १९७१ सालची गोष्ट. मी अकरा वर्षांचा होतों. आम्ही एका वाड्यांत दोन खोल्यांत भाड्यानें राहत होतों. माझे वडील एका छापखान्यांत जुळारी होते. त्यांस क्षय झाला. क्षयावर तेव्हां चांगलीं औषधें निघालेलीं होतीं, आणि रोगी घरीं राहूनहि बरा होतो हें मद्रासच्या प्रयोगांनीं १९५९ सालींच दाखविलें होतें. परंतु दोन खोल्या, आम्ही तीन भावंडें आणि एकच सामायिक नळ, हें पाहून डॉक्टरांनीं त्यांस आरोग्यधामांत पाठविलें. आई आम्हांस घेऊन मामांच्या गांवीं गेली. खोल्यांस कुलूप लागलें. भाडें मात्र मामा दरमहा मनिऑर्डरीनें पाठवीत. आम्हां मुलांस पढवून ठेवलें होतें कीं, कोणीं विचारलें तर बाबा फिरतीवर आहेत असें सांगावें. मी तें इतक्या वेळां सांगितलें कीं, मलाच तें खरें वाटूं लागलें होतें.

नऊ महिन्यांनीं आम्ही परतलों तों दाव्याची नोटीस वाट पाहत होती. आमचे मालक दुष्ट गृहस्थ नव्हते. त्यांच्या मुलाचें लग्न ठरलें होतें आणि त्यांस जागा हवी होती. शिवाय त्यांच्या पत्नीची प्रकृति कांहीं वर्षें बरी नव्हती. त्यांनीं दाव्यांत दोन्ही कारणें लिहिलीं: भाडेकऱ्यानें जागा वापरली नाहीं, आणि आम्हांस ती हवी आहे.

वडिलांनीं प्रथम वकिलांस सांगितलें कीं, मी कामासाठीं बाहेरगांवीं होतों असेंच म्हणा. वकील म्हणाले, "अहो, छापखान्याचा हजेरीपट मागवला तर काय कराल? खोटें सांगून घर जाईल. खरें सांगाल तर राहील." वडील रात्रभर अंगणांत फेऱ्या घालीत होते. सकाळीं त्यांनीं आरोग्यधामाचे कागद वकिलांच्या हवालीं केले.

ज्या दिवशीं त्यांची साक्ष झाली त्या दिवशीं अर्धा वाडा न्यायालयांत होता. कोणी साक्षीदार म्हणून, कोणी केवळ कुतूहलानें. उलटतपासणींत कोणता रोग, थुंकींत जंतु होते कीं नव्हते, घरच्या आणखी कोणास लागण झाली, असे प्रश्न विचारण्यांत आले. वडिलांनीं प्रत्येकाचें उत्तर दिलें. मग आमच्या वकिलांनीं मालकांस विचारलें कीं, तुमच्या पत्नीस नेमका कोणता आजार आहे. ती माउली मनाच्या व्याधीनें बेजार होती, हें वाड्यांत कोणास ठाऊक नव्हतें. तेंहि त्या दिवशीं ठाऊक झालें. तोंपर्यंत ती रोज संध्याकाळीं तुळशीपाशीं येऊन बसे. त्यानंतर ती अंगणांत फारशी दिसली नाहीं.

निकाल आमच्या बाजूनें झाला. आजारपण हें वाजवी कारण आहे असें न्यायाधीशांनीं म्हटलें. त्यांनीं कायद्याप्रमाणें वागून आम्हांस न्याय दिला. त्यांच्याविषयीं मला कृतज्ञताच आहे. परंतु वाड्यांत आमची पाळी नळावर सर्वांच्या शेवटीं लागूं लागली. शेजारच्या मुलांस आमच्या ओटीवर येण्याची बंदी झाली. माझ्या थोरल्या बहिणीस सांगून आलेलें स्थळ एक पत्र पाठवून मोडलें. पत्रांत कारण दिलेलें नव्हतें. वडील तेव्हां पूर्ण बरे होते, त्यांच्यापासून कोणास कसलाहि धोका नव्हता. दोन वर्षांनीं त्यांनीं आपण होऊन त्या खोल्या सोडल्या आणि आम्ही गांवाबाहेर जास्त भाड्याच्या जागेंत गेलों. दावा आम्ही जिंकलों होतों, म्हणूनच ही गोष्ट मला आजतागायत उलगडलेली नाहीं.

आतां कोणी विचारील कीं, डॉक्टरांनीं रोग्याचें गुपित राखावयाचें असतें ना? होय. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या नांवावर चालणाऱ्या शपथेंत तसें आहे. आपल्या चरकसंहितेंतहि, वैद्यविद्येच्या शिष्यास उपदेश करितांना, रोग्याच्या घरांतील वृत्तांत बाहेर नेऊं नये असें बजावलें आहे. परंतु वैद्याचा धर्म आणि न्यायालयाचा नियम एक नव्हेत. इंग्लंडांत १७७६ सालीं किंग्स्टनच्या सरदारपत्नीवर एक नवरा जिवंत असतां दुसरा विवाह केल्याबद्दल खटला झाला. तींत सीझर हॉकिन्स या शल्यवैद्यानें विचारलें कीं, धंद्यामुळें विश्वासानें कळलेली गोष्ट मीं सांगावी कीं काय. लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं सांगितलें कीं, न्यायालयापुढें ती सांगितलीच पाहिजे. अमेरिकेंतील न्यूयॉर्क संस्थानानें १८२८ सालीं याच्या उलट कायदा करून डॉक्टर व रोगी यांच्यामधील बोलणें सुरक्षित केलें. आपल्याकडील १८७२ चा पुराव्याचा कायदा इंग्रजी वळणावर गेला. वकिलास अशिलानें सांगितलेली गोष्ट त्यानें झांकली. डॉक्टरास रोग्यानें सांगितलेली झांकली नाहीं. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागीं नवा कायदा आला, तरी या बाबतींत फरक पडलेला नाहीं. डॉक्टरांच्या आचारनियमांत गुप्ततेचें बंधन आहे. परंतु न्यायाधीशांचा हुकूम झाला कीं तें सुटतें.

हें वाचून निराश होण्याचें कारण नाहीं, कारण गेल्या कांहीं दशकांत वारें थोडें फिरलें आहे. १९६६ सालीं मिरजकर यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, न्यायदान उघड्यावर व्हावें हा नियम खरा. पण न्यायाच्याच हितासाठीं जरूर पडल्यास न्यायालय दार लावून घेऊं शकतें. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायाधीशांच्या पीठानें खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचें एकमतानें सांगितलें. त्याच वर्षीं एच. आय. व्ही. व एड्स यांसंबंधींचा कायदा संमत झाला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. आजच्या विषयाच्या दृष्टीनें हा कायदा मुद्दाम वाचण्यासारखा आहे. एच. आय. व्ही. ची लागण असलेल्या माणसास भाड्याची जागा नाकारणें किंवा त्या कारणानें जागेवरून काढणें, हें त्यानें निषिद्ध ठरविलें. त्याची लागण उघड करण्यास त्याला भाग पाडतां येत नाहीं. वादाच्या निर्णयासाठीं ती माहिती न्यायाच्या हितार्थ आवश्यक आहे असें न्यायालयानें ठरविलें, तरच तसा हुकूम होतो. तो पक्षकार असेल तर त्याचें नांव बदलून, दार लावून, वृत्तपत्रांस मनाई करून सुनावणी करण्याची सोयहि त्यांत आहे. २०१७ च्याच मानसिक आरोग्याच्या कायद्यानें मनाच्या रोग्यांस गुप्ततेचा हक्क दिला. पण क्षय, कर्करोग, अपस्मार यांसाठीं भाड्याच्या दाव्यांत असें खास कवच कायद्यांत लिहिलेलें नाहीं. तेथें सारें न्यायाधीशांच्या विवेकावर आणि वकिलांच्या सौजन्यावर अवलंबून असतें.

आणि समाजाचें काय? २०२० सालीं करोनाची साथ आली तेव्हां १८९७ चाच कायदा पुन्हां हातीं घ्यावा लागला. रुग्णालयांत राबणाऱ्या डॉक्टरांस आणि परिचारिकांस कित्येक घरमालकांनीं जागा सोडण्यास सांगितलें. दुसऱ्यांचीं दुखणीं पोटांत ठेवणारीं हीं माणसें, त्यांच्यावरच दुखण्याच्या संशयानें बेघर होण्याची वेळ आली. २२ एप्रिल २०२० रोजीं त्या जुन्या कायद्यांत दुरुस्ति करणारा वटहुकूम निघाला आणि आरोग्यसेवकांस त्यांच्या राहत्या जागीं दिलेला छळहि दंडनीय ठरला. पुष्कळ ठिकाणीं रोग्यांच्या दारांवर फलक लागले. ९ डिसेंबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, आपत्ति व्यवस्थापनाच्या कायद्याखालीं सक्षम अधिकाऱ्याचा तसा हुकूम असल्याशिवाय असे फलक लावूं नयेत. मांडवीच्या भिंतींवरील वर्तुळांनंतर तेवीस वर्षें नव्हे, एकशें तेवीस वर्षें लोटलीं होतीं.

श्रोतेहो, माझें म्हणणें असें नव्हे कीं, न्यायालयानें डोळे मिटून भाडेकऱ्याचें बोलणें मान्य करावें. मालकासहि न्याय हवा. आजारपणाचें निमित्त करून जागा अडवून बसणारे लोक मी पाहिले आहेत, आणि आजाराचा खोटा दाखला हा आपल्याकडे दुर्मिळ पदार्थ नव्हे. पुरावा मागावाच लागेल. प्रश्न एवढाच आहे कीं, किती आणि कोणापुढें.

माझ्या वडिलांच्या दाव्यांत न्यायालयापुढें मुद्दा होता तो सहा महिन्यांच्या गैरहजेरीचा. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत हे गृहस्थ आमच्याकडे उपचारासाठीं राहत होते, इतकें आरोग्यधामाच्या दाखल्यांत असतें तर मुद्दा सुटला असता. रोगाचें नांव लागलें असतें तर तें न्यायाधीशांनीं बंद लखोट्यांत किंवा आपल्या दालनांत पाहिलें असतें. वाजवी कारण ठरविण्याचें काम त्यांचें होतें, वाड्याचें नव्हे. थुंकींतील जंतूंची चौकशी तर कोणत्याच मुद्द्याशीं लागत नव्हती. मालकांच्या पत्नीच्या बाबतींतहि त्यांस खालची खोली हवी असें डॉक्टरांचें मत पुरेसें होतें. एच. आय. व्ही. च्या कायद्यानें जी कसोटी घातली आहे, म्हणजे निर्णयास जेवढें आवश्यक तेवढेंच उघड व्हावें, ती सर्व दुखण्यांस लावण्यास कोणाची हरकत असावी, हें मला समजत नाहीं. ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांनीं आपल्या वकिलांजवळ आणि डॉक्टरांजवळ हा विषय आधींच काढावा. दाखल्यांत काय लिहावें, तो कोणापुढें ठेवावा, सुनावणी दार लावून मागावी काय, हें साक्षीच्या पिंजऱ्यांत उभें राहण्यापूर्वीं ठरवावयाचें असतें, नंतर नव्हे.

वडील त्यानंतर पुष्कळ वर्षें जगले. त्या दिवसाविषयीं ते कधीं बोलले नाहींत. त्यांच्या पश्चात् ट्रंकेंत निकालाची नक्कल सांपडली. तिच्यांत ज्या ओळींत रोगाचें नांव आलें होतें, तेवढ्या ओळींवर त्यांनीं शाईनें जाड रेघा ओढून ठेवल्या होत्या. ती नक्कल दुसरें कोणीहि वाचणार नव्हतें.